खुराड्यातले दहा दिवस

तेजूनं डाव्या हातानं भाकरी मोडली आणि आक्कांचा हात ताटातच थांबला.

"उजव्या हाताला काय झालंय?"

"काही नाही," तेजू म्हणाली आणि उजवा हात मांडीखाली सरकवला.

रविवारची दुपार होती. जेवायला आम्ही तिघीच होतो. मी, माझी दहा वर्षांची मुलगी तेजस्विनी आणि माझ्या सासूबाई. त्यांना सगळं घर आक्का म्हणायचं, त्यांचा मुलगासुद्धा. तेजूचे बाबा वीज मंडळात वायरमन. कुठं तरी खांब पडला म्हणून ते सकाळीच सायकलवर शिडी बांधून गेले होते.

आक्कांनी तेजूचा हात ओढून वर घेतला. अंगठ्याच्या खाली हळदीचा पिवळा लेप होता. सकाळी तो मीच लावला होता.

"माझ्या मशीनची सुई लागली तिला," मी म्हणाले. "म्हटलं होतं, पायडलला हात लावू नकोस."

आक्कांनी तांब्यातलं पाणी ओतून हळद पुसली. खाली दोन बारीक भोकं होती, शेजारी शेजारी, आणि भोवती थोडी सूज.

"सुईला दोन टोकं कधीपासनं आली, शालन?"

तेजू माझ्याकडं बघत राहिली. मागच्या दारी बांधलेलं पिल्लू तेवढ्यात कुंई कुंई करायला लागलं.

ते पिल्लू मी आणलं होतं, चारच दिवसांपूर्वी, आक्कांचा शब्द मोडून. ही दोन हजार सातची गोष्ट, आम्ही गडहिंग्लजला राहत होतो तेव्हाची. लग्न होऊन मला बारा वर्षं झाली होती आणि त्या बारा वर्षांत घरात काय शिजायचं, कुणाकडं जायचं, कोणता पडदा कुठं लावायचा, सगळं आक्कांच्या मतानं झालं होतं. त्या वाईट नव्हत्या. माझ्या बाळंतपणात त्यांनी माझं सगळं केलं होतं. पण एकदा त्या नाही म्हणाल्या की विषय संपायचा. कुत्र्याचा विषय तेजूनं तीनदा काढला होता आणि तिन्ही वेळा तो संपला होता. मी दिवसभर मशीनवर ब्लाऊज शिवत बसायची. शाळेतून आल्यावर तेजू माझ्या शेजारी चिंध्यांशी खेळत एकटीच बसायची. माझ्या माहेरी दारात कायम दोन कुत्री असायची. दूध घालणाऱ्या पुतळाबाईंच्या गोठ्यात कुत्री व्याल्याचं कळलं, तशी मी कुणाला न विचारता गेले आणि पिशवीतून एक पिल्लू घेऊन आले. तांबूस रंगावर पिवळे ठिपके होते, म्हणून तेजूनं त्याचं नाव बुंदी ठेवलं.

आक्कांनी ते बघितलं आणि एवढंच म्हणाल्या, "परत देऊन ये." मी म्हणाले, "नाही देणार." आवाज माझाच होता, पण मलाही तो नवा वाटला. चार दिवस आक्का माझ्याशी बोलल्या नाहीत आणि मागच्या दारालाही गेल्या नाहीत.

आणि रविवारी सकाळी दुधात कुस्करलेली भाकरी भरवताना पिल्लानं तेजूच्या हाताचा चावा घेतला. दोन महिन्यांचं पिल्लू, तांदळाच्या दाण्याएवढे दात. मी जखम पाण्याखाली धरली, हळद लावली आणि तेजूला सांगितलं, आक्कांना बोलू नकोस. मला तेव्हा त्या जखमेपेक्षा आक्कांच्या "मी सांगत होते" या वाक्याची भीती जास्त वाटली. हे आज सांगताना बरं वाटत नाही, पण तसंच होतं.

आक्का मात्र ते वाक्य बोलल्याच नाहीत. तेजूला उष्ट्या हातानं त्यांनी मोरीत नेलं. धुण्याचा साबण घेतला, नळ सोडला आणि जखम चोळचोळून धुवायला लागल्या. तेजू रडायला लागली. मी म्हणाले, बास झालं आता. त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. टाकीतलं पाणी संपत आलं, नळाची धार बारीक झाली, तेव्हा कुठं त्यांनी हात सोडला.

"चप्पल घाल. दवाखान्यात जायचंय."

"आक्का, आज रविवार आहे. उद्या सकाळी जाऊ या."

"मी तुला इचारलं न्हाई, शालन. तू येणार असलीस तर ये."

ताटं तशीच ठेवून आम्ही सरकारी दवाखान्यात गेलो. भर उन्हात आक्का तेजूचा हात धरून पुढं आणि मी मागं. ड्यूटीवर एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी जखम बघितली, पिल्लू कुठलं, त्याच्या आईला लस दिली होती का, विचारलं. पिल्लू कुठलं ते मी सांगितलं, लशीचं मला माहीत नव्हतं. त्यांनी जखमेभोवती एक इंजेक्शन दिलं आणि दंडात दुसरं.

"पोटात चौदा द्यावी लागतील न्हवं?" आक्कांनी विचारलं.

"आता पोटात देत नाहीत, आजी. दंडातच, पाच. एकही चुकवायचं नाही. आणि पिल्लाला दहा दिवस नजरेखाली ठेवा. त्याला रेबीज असेल तर ते दहा दिवसांच्या आत मरतं. दहा दिवसांनी ठणठणीत असलं तर धोका नव्हता असं समजायचं. पण हाकलून देऊ नका. लोक नेमकं तेच करतात."

आक्कांनी दहा दिवसांचं ते वाक्य त्यांना पुन्हा एकदा म्हणायला लावलं.

घरी आलो तर तेजूचे बाबा मागच्या दारी उभे होते. वाटेत आक्कांनी गल्लीतल्या एकाला कुत्रं चावल्याचं सांगितलं होतं, ते त्यांच्या कानावर गेलं होतं. त्यांच्या हातात सिमेंटचं रिकामं पोतं होतं आणि पोत्यात पिल्लू वळवळत होतं.

"नदीपलीकडं सोडून येतो," ते म्हणाले. माझ्याकडं बघून आणखी दोन शब्द बोलले. ते मला लागायला हवे होते, आणि लागले.

आक्का दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"संभा, ठेव ते खाली."

"अगं, तूच नको म्हणत होतीस ना?"

"व्हय. आणू नका म्हणत होते. आता आणलंय आणि आता ते चावलंय. तू ते नदीपलीकडं टाकलंस तर ते जगलं का मेलं, मला कसं कळंल? दहा दिवस ते माझ्या डोळ्यांसमोरनं हलणार न्हाई. कुणी हलवलं तर मी या घरात ऱ्हाणार न्हाई."

तेजूच्या बाबांनी पोतं खाली ठेवलं.

परसात शेवग्याच्या झाडाखाली एक जुनं खुराडं होतं. आक्का पूर्वी कोंबड्या पाळायच्या, तेव्हाचं. त्याची जाळी एका कोपऱ्यात सुटली होती. ती तेजूच्या बाबांनी तारेनं आवळून दिली, पोत्याचं तोंड खुराड्याच्या दाराला लावलं आणि पिल्लू आत गेलं. आक्कांनी समोर चार हातांवर पाट टाकला आणि तिथं बसल्या. तेजूनं दारातून पुढं यायचं नाही आणि मी भांड्याला हात लावायचा नाही, असं सांगितलं. दूध-भाकरीची वाटी त्या स्वतः लांब दांड्याच्या झाऱ्यानं आत सरकवायच्या, झाऱ्यानंच बाहेर ओढायच्या आणि राखेनं घासून उन्हात पालथी घालायच्या. ते भांडं घरात येत नव्हतं.

सोमवारपासून हाच दिनक्रम सुरू झाला. सकाळी चहा झाला की आक्का पाटावर. शेवग्याची सावली सरकेल तसा पाट सरकायचा. पिल्लू किती जेवलं, किती वेळा पाणी प्यालं, हाक मारल्यावर बघतं का, चालताना मागचे पाय ओढतं का, हे सगळं त्या संध्याकाळी तेजूला सांगायच्या आणि तेजू ते वहीत लिहायची. आक्कांना अक्षर येत नव्हतं. पण त्या ज्या बारकाईनं सांगायच्या, ते ऐकून मला वाटायचं, हे यांना कुणी शिकवलं. मी एकदा विचारलंही. त्या म्हणाल्या, "बघितलंय."

बुधवारी दुसरं इंजेक्शन झालं. तेजूला आता दवाखान्याची भीती वाटत नव्हती. तिला पिल्लाची काळजी होती. ती मागच्या दाराच्या उंबऱ्यावर बसून लांबूनच त्याच्याशी बोलायची. पिल्लू जाळीला नाक लावून शेपूट हलवायचं. आक्का मध्ये बसलेल्या. त्या पिल्लाशी एक शब्दही बोलायच्या नाहीत. बुंदी हे नावही त्यांनी कधी घेतलं नाही. त्यांच्या तोंडी ते नुसतं "ते" होतं.

गुरुवारी त्या एकट्याच पुतळाबाईंच्या गोठ्यावर जाऊन आल्या. तेवढा वेळ पाटावर मला बसवलं. परत आल्या तेव्हा चेहरा उतरला होता.

"त्याची आई आठ दिवस झाले, गोठ्यावर आली न्हाई," त्या म्हणाल्या. "कुठं गेली कुणाला ठाव न्हाई. बाकीची पिल्लं लोकांनी नेली."

माझ्या हातातली कात्री मी खाली ठेवली. दोन महिन्यांच्या पिल्लांना सोडून कुत्री जाते, ती का जाते, हे आम्हा दोघींनाही विचारायची गरज नव्हती. गाडीखाली सापडली असेल, कुणी तरी पकडून नेली असेल, असं मी म्हणत राहिले.

शनिवारी सकाळी पिल्लानं वाटीला तोंड लावलं नाही. दहा वाजेपर्यंत ते कोपऱ्यात अंग मुडपून पडलं होतं आणि तोंडातून लाळ गळत होती. हाक मारली तर डोळे उघडायचं आणि मिटायचं. मी तेजूच्या बाबांना बोलावणं पाठवलं. ते आले, बघितलं आणि तसेच जनावरांच्या दवाखान्यात गेले. तिथले डॉक्टर मोटारसायकलवर आले. वयस्कर होते, बोलणं तुटक. त्यांनी बाहेरूनच बघितलं, काठीनं पाण्याची वाटी पुढं सरकवली. पिल्लू हललं नाही.

"पोटात जंत असतील," ते म्हणाले. "पोट फुगलंय बघा. किंवा दुसरा एखादा आजार असेल. तुम्ही जे मनात धरलंय तेही असू शकतं. आत्ता बघून मी सांगू शकत नाही. खरं बोलायचं तर कुणीच सांगू शकत नाही. हे औषध दुधातून द्या. प्यालं तर बरं."

"आणि मेलं तर?" आक्कांनी विचारलं.

"तर मला कळवा. तपासायला पाठवावं लागेल. मुलीची इंजेक्शनं चालू आहेत ना? वेळेवर?"

"पहिलं त्याच दिवशी दिलंय. दुपारीच."

"मग तुम्ही करायचं ते केलंय, आजी."

त्या दिवशी तेजूच्या बाबांनी कामावर निरोप पाठवला आणि घरीच थांबले. चूल पेटली, पण कुणी नीट जेवलं नाही. आक्का लांब दांड्याच्या पळीत औषधाचं दूध घेऊन जाळीपाशी धरून बसल्या. हात दुखला की दुसऱ्या हातात घ्यायच्या. तेजूच्या बाबांनी, मी करतो, म्हटलं तर त्यांनी मान हलवली. दुपारी कधी तरी पिल्लानं मान उचलली आणि चार थेंब चाटले. थोड्या वेळानं पुन्हा चार थेंब. दिवस मावळेपर्यंत पळी रिकामी झाली होती.

रविवारी सकाळी तेजूचं तिसरं इंजेक्शन होतं. आक्का पहिल्यांदाच दवाखान्यात आल्या नाहीत. मी आणि तेजू जाऊन आलो. घरात शिरलो तर तेजूचे बाबा म्हणाले, पिल्लाच्या पोटातून जंत पडलेत, मूठभर. मी मागच्या दारी गेले. आक्का पाटावर नव्हत्या. त्या खुराड्यासमोर मातीतच बसल्या होत्या. आत पिल्लू उभं होतं. पाय थोडे थरथरत होते, पण ते वाटीत तोंड घालून लपलप पाणी पीत होतं.

"पाणी पितंय," आक्का म्हणाल्या. "शालन, बघ. पाणी पितंय."

मी जवळ जाऊन बसले. त्यांचे डोळे कोरडे होते. पण हात मातीत रुतले होते आणि त्या मातीचं त्यांना भान नव्हतं. त्या पिल्लाकडं बघत होत्या. मग माझ्याकडं न बघताच बोलायला लागल्या.

"माझ्या पाठीवर एक भाऊ होता. दत्तू."

बारा वर्षांत मी हे नाव ऐकलं नव्हतं. त्यांना फक्त दोन बहिणी आहेत, एवढंच मला माहीत होतं.

आक्का दहा वर्षांच्या होत्या आणि दत्तू सहाचा. ओढ्याच्या काठी आक्कांना एक पिल्लू सापडलं. वडिलांनी, म्हणजे दादांनी, आधीच बजावलं होतं, घरात कुत्रं दिसलं तर पाय मोडीन. आक्कांनी ते कडब्याच्या गंजीमागं लपवलं. दत्तूला तेवढं माहीत होतं. चौथ्या-पाचव्या दिवशी ते पिल्लू त्याच्या टाचेला चावलं. थोडंसं रक्त आलं. आक्कांनी त्यावर माती लावली आणि त्याला सांगितलं, दादांना बोललास तर दोघांनाही मार बसंल. त्यानं कुणाला सांगितलं नाही. दोन दिवसांनी पिल्लू कुठं तरी निघून गेलं. टाच बरी झाली.

"दीड महिना गेला," आक्का म्हणाल्या. "मग त्याला ताप आला. आईनं पाण्याचा तांब्या तोंडाला लावला, तर त्यानं तो भिरकावून दिला. तहान तर लागलेली. पाणी दे म्हणायचा, आणि पाणी बघितलं की अंग ताठ व्हायचं. लोक म्हणाले, बाहेरचं लागलंय. उतारा करायला देवर्षी आणला. मी दाराआड उभी होते. मला ठाव होतं काय झालंय. आमच्या गावात आधी एकाला झालेलं, मी ऐकलेलं. पण मी तवाबी बोलले न्हाई."

"आक्का, तुम्ही दहा वर्षांच्या होता."

"तिसऱ्या दिवशी गेला." माझं बोलणं त्यांना ऐकू आलं नसावं. "आई मरस्तोवर इचारायची, माझ्या लेकराला काय झालं. मी तिलाबी सांगितलं न्हाई. तुझ्या सासऱ्यांना न्हाई. संभाला न्हाई. तू सुई लागली म्हणालीस, तवा मला वाटलं, आता हिनंबी सांगितलं न्हाई तर…"

मी त्यांच्या पायाशी बसून होते. मला रडू येत होतं आणि माफी कशी मागतात ते सुचत नव्हतं. मी म्हणाले, मी खोटं बोलले, मला तुमची भीती वाटली.

"व्हय," आक्का म्हणाल्या. "मलाबी दादांचं भ्या वाटलं होतं." मातीतले हात झटकून म्हणाल्या, "हितनं पुढं तुला माझी भीती वाटंल असं मी वागायची न्हाई. आणि तू माझ्यापासनं काय लपवायचं न्हाई. एवढंच."

मागं दारात तेजूचे बाबा उभे होते. त्यांनी किती ऐकलं, मला कळलं नाही. ते आत गेले आणि चुलीवर चहा ठेवल्याचा आवाज आला. त्यांनी चहा केलेला मी त्याआधी कधी बघितला नव्हता.

पुढच्या बुधवारी दहा दिवस पूर्ण झाले. पिल्लू खुराड्याची जाळी चावत होतं, आत गोल गोल पळत होतं. तेजूच्या बाबांनी ऑफिसातल्या एकाशी बोलून ठेवलं होतं. त्याच्या मळ्यावर कुत्रं हवं होतं आणि तो संध्याकाळी येऊन नेणार होता. आक्कांना आता हे रोज डोळ्यांसमोर नको, असं त्यांना वाटलं होतं. मलाही ते पटलं होतं. तेजूला मी समजावलं होतं आणि ती न रडता हो म्हणाली होती.

तो माणूस आला. आक्कांनी त्याला बसायला सांगितलं, पाणी दिलं, घरच्यांची चौकशी केली. मग म्हणाल्या, पिल्लू द्यायचं न्हाई, तुम्हाला उगीच हेलपाटा पडला. तेजूचे बाबा काही बोलायला गेले तर त्या म्हणाल्या, "दहा दिवस मी त्याच्यासमोर बसले, संभा. आता ते कुठं जाईल?" तो माणूस हसत गेला. तेजूनं खुराड्याची कडी काढली. पिल्लू बाहेर आलं, सगळ्यांच्या पायांत घुटमळलं आणि थेट स्वयंपाकघरात गेलं. आक्कांनी त्याला हाकललं नाही. पण हातही लावला नाही.

तेजूचं पाचवं इंजेक्शन झालं. त्यानंतर आठवड्याभरानं आम्ही पिल्लाला त्याची स्वतःची लस द्यायला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. तीन महिन्यांचं झाल्यावर आणा, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. आक्का तयार होऊन सगळ्यांच्या आधी दारात उभ्या होत्या. पिल्लू तेजूच्या हातात होतं.

तिथल्या माणसानं कार्ड पुढं ओढलं आणि मालकाचं नाव विचारलं. तेजूचे बाबा सांगायला लागले, तोच आक्का पुढं झाल्या.

"हौसाबाई बापू चौगुले. असं लिहा."

"आणि कुत्र्याचं?"

आक्कांनी क्षणभर तेजूकडं बघितलं. "बुंदी," त्या म्हणाल्या.

पुढच्या लशीची तारीख त्यांनी तेजूकडून दोनदा वाचून घेतली. मग डॉक्टर सुई भरून आले आणि म्हणाले, कुणी तरी घट्ट धरा, पहिल्यांदा फार धडपड करतात. तेजूच्या बाबांनी बाह्या सरसावल्या. आक्कांनी त्यांना बाजूला सारलं, पदर कमरेला खोचला आणि तेजूच्या हातातून पिल्लू घेतलं. घाबरून ते त्यांच्या लुगड्यावर मुतलं. आक्का हलल्या नाहीत. एक हात त्याच्या छातीखाली घातला, दुसऱ्यानं मान धरली आणि त्याला पोटाशी घट्ट आवळलं.

"धरलंय मी," त्या डॉक्टरांना म्हणाल्या. "तुम्ही टोचा."